राबता

सेबूच्या अकराव्या मजल्यावर माझं काम एवढंच:
किती आले, किती टिकले,
किती जण तिसाव्या, नव्वदाव्या दिवशी
पुन्हा दार वाजवून गेले.
आलेख काढायचा. तो घसरायचा,
घसरगुंडीवरून झोपाळलेलं पोर उतरावं तसा.

खेळ खेकड्यांचा. प्रत्येक खेकडा साखळीवर नोंदलेला,
पाठीवरचा ठिपकासुद्धा
ब्रह्मदेवाला पुसता येणार नाही असा.
पहिल्या वर्षी खेकडे विकून लोकांनी घरावर पत्रे घातले,
एकानं लेकीच्या नर्सिंगची फी भरली.
मग भाव पडला.
खेकडे एकमेकांना खाली ओढतात म्हणे;
इथं भावानंच सगळ्यांना ओढलं.

आम्ही काय काय नाही केलं.
रोज आलात तर एक नाणं, सलग सात दिवस आलात तर तीन,
नाही आलात तर संदेश: तुमची आठवण येते.
तो मीच लिहिला होता
आणि मला कुणाचीच आठवण येत नव्हती.

शेवटी तक्त्यात एक पाकीट उरलं.
शून्य, एक्स, पुढे चाळीस अक्षरांची गिचमीड.
अकराशे बारा दिवस, एकही खाडा नाही,
रोज पहाटे चार पन्नासला.
साहेब म्हणाले, माणूस नाही हा, यंत्र असणार.
जाऊन बघून ये. आणि डिसेंबरचंही सांगून ये.

गिमारास बेट. धक्क्यापासून ट्रायसिकल,
आंब्यांच्या बागेनंतर दुसरं वळण.
टपरीला तिथं सारी-सारी म्हणतात
आणि खरंच सारं सारं होतं:
शांपूच्या पुड्या, सुटी सिगारेट, सुकट, रिचार्ज,
आणि जाळीमागं ते यंत्र,
मनांग फ्लोर्देलिझा, वय एकसष्ट,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

मिळतं काय यातून?
"महिन्याला एक अंडं येईल. लहान."
मग?
तिनं झग्याच्या टोकानं फोन पुसला.
"हा रोहेलिओचा, तो दम्मामला गेला.
ही दोन नितांची, ती कावीतेला, कारखान्यात.
हा अर्किमेदेसचा. तो इथंच असतो, बोलत नाही माझ्याशी.
सतरा जणांचे आहेत. जाताना म्हणाले, बघ हं जरा.
बघते."

पण यांना खायला लागत नाही, मी म्हटलं,
न बघताही मरायचे नाहीत, साखळीवर आहेत.
"मी काय खुळी आहे?" ती म्हणाली
आणि एका पोराला पाव मोजून दिले.

खिळ्याला उधारीची वही.
पानं फुगलेली, शाई फुटून निळी डबकी झालेली.
वादळात भिजली. एक आकडा वाचता येईना.
मग?
"मग आठवडाभर येत राहिले एकेक जण
आपापला आकडा सांगायला.
काहींनी कमी सांगितला. मी तोच लिहिला.
अर्किमेदेसनं जास्त सांगितला.
मी चारचौघांत म्हटलं, एवढा नव्हता रे.
तेव्हापासून रुसलाय."

अहवालात 'कारण' नावाचा रकाना असतो.
बक्षीस, स्पर्धा, सवय, इतर.
यापलीकडे यंत्राला शब्द शिकवलेले नाहीत.
विहिरीच्या काठाला दोरानं घळ पडते
ती कोणत्या रकान्यात टाकतात?

डिसेंबरात आमचा पडदा बंद होणार.
साखळी राहील, खेकडे राहतील,
बघायला खिडकी तेवढी नसेल.
हे सांगायलाच तर गेले होते.
दोनदा तोंड उघडलं. दोनदा पाणी मागितलं.

निघताना चार पाव घेतले. वीस पेसो.
माझ्याकडं हजाराची नोट, तिच्याकडं सुटे नाहीत.
राहू दे, म्हणाली, वही काढली,
नाव विचारलं नाही.
जाळीतून मला उलटं दिसलं तिचं अक्षर:

वीस. सेबूची मुलगी. येईल.